काकूंना उजेड आधीपासूनच दिसायचा

मानवतच्या ज्या गल्लीत आम्ही राहतो तिथं ख्रिस्ती घर आमचं एकच. नवरा पाथरीच्या एस.टी. आगारात मेकॅनिक आहे, मी घरी शिवणकाम करते, सासूबाई आमच्याजवळ असतात. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत माझी मशीन. समोरचं घर काकूंचं. काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. पाथरीकडच्या एका खेड्यात त्यांची जमीन आहे, मुलाचं मानवतला खता-बियाण्याचं दुकान आहे, आणि मालक वारल्यावर त्या मुलाकडं राहायला आल्या. गल्ली त्यांना काकू म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले.

त्या आल्या तेव्हा त्यांना अंधुक दिसायचं. काचबिंदू होता. मग तेही कमी होत गेलं. मुलानं त्यांना परभणीला नेलं, नांदेडला नेलं, औरंगाबादेच्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डोळ्याची शीर वाळलीय, आता ऑपरेशन करून उपयोग नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. शेवटी उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. दार उघडलं की काकू तोंड दाराकडं वळवायच्या आणि विचारायच्या, "कोण आलंय?"

एका श्रावणात मी त्यांच्या सुनेचे ब्लाऊज द्यायला गेले. काकू माजघरात पोथी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाचता तर येत नव्हतं, नुसत्या पानांवरून हात फिरवत होत्या. सून स्वयंपाकात होती. तिला दुकानातल्या माणसांचेही डबे करावे लागायचे.

"तुला वाचता येतं का गं?" काकूंनी विचारलं.

"येतं की."

"मग एक अध्याय वाच. सून वाचती, पन मदीच दूध उतू जातंय आन् उटती. माजा अध्याय रोज अर्दाच ऱ्हायलाय."

मी म्हटलं, "काकू, आमी ख्रिस्ती हाओत. चालंल का तुमाला?"

काकूंनी पानावरचा हात उचलला. म्हणाल्या, "पोथीला चालंल का ते मला म्हाईत न्हाई. मला चालंल. पाय धुऊन ये."

मी पाय धुऊन आले आणि वाचायला बसले. तो श्रावण संपला तरी वाचणं थांबलं नाही. दुपारची जेवणं झाली, सासूबाई आडव्या झाल्या, की मी समोर जायची. पोथी संपली की वर्तमानपत्र वाचायचं, वर्तमानपत्र संपलं की काकू त्यांच्या खेड्यातल्या गोष्टी सांगायच्या. चहा व्हायचा. मला चहा यायचा तो कान तुटलेल्या पांढऱ्या कपात. घरात बाकी सगळे स्टीलचे पेले होते. तो कप धुऊन खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. आजोबांच्या आधी आमचं घराणं कोण होतं ते काकूंनी पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्नांत काढून घेतलं होतं. मला ते लागलं नाही असं नाही. पण मी त्या कपातला चहा प्यायले आणि कप स्वतः धुऊन खिडकीत ठेवला.

माझं माहेर येलदरीचं. वडील धरणाच्या वीजघरात कामाला होते आणि त्यांच्या पाळीत दुसरा कोणी ख्रिस्ती नव्हता. वडिलांनी कोणाला शास्त्र शिकवलेलं मला आठवत नाही. कोणाच्या घरी आजारपण असलं की जाऊन बसायचे, पाणी भरून द्यायचे, दवाखान्यात रांगेत उभे राहायचे. लहानपणापासून हेच पाहिल्यामुळं देवाविषयी बोलायची आणखी वेगळी रीत असते हे मला लग्न होऊन इथल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, आल्यावर कळलं.

आमची मंडळी लहान. कापसाच्या जिनिंगच्या मागं एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलेलं, रविवारी तिथं प्रार्थना. मी काकूंना पोथी वाचून दाखवते हे तिथं कळलं तेव्हा एक बाई मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही त्यांना प्रभूकडं आणायचं, तर तुम्हीच त्यांच्या पोथीकडं चाललात." मंडळीच्या पाळकांनीही, म्हणजे पास्टरांनीही, नंतर मला बाजूला बोलावलं. ते चांगले आहेत, भित्रे आहेत, त्यांच्याविषयी मला ह्याहून जास्त काही म्हणायचं नाही. त्यांनी विचारलं, "ताई, किती वर्षं झाली हे? काही फळ दिसतंय का?"

मी म्हटलं, "म्हातारी रोज पूर्ण अध्याय ऐकते. तेवढंच."

त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तुला जे योग्य वाटतंय ते कर. पण त्यांच्याकडून काही मिळंल असं धरून जाऊ नको." मी धरून जात नव्हते. निदान तेव्हा तरी मला तसं वाटायचं.

मग एका दुपारी काकू आपणहून म्हणाल्या, "माजी पोथी तर पाट झाली. तुज्या पुस्तकात काय हाय ते तर वाच एक दिवस."

मी लगेच वाचलं नाही. त्यांच्या सुनेला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "वाचा की. आई खूश ऱ्हायल्या म्हंजे झालं." मुलालाही मी स्वतः दुकानात जाऊन सांगितलं. तो तेव्हा मला ताई म्हणायचा. "ताई, तुमी हायत म्हून आईचा दिवस जातो," असं म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडं वळला. हे मी पुढं कोणाला सांगितलं नाही, पण ते खरं आहे.

मी बायबलातलं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, वाचायला लागले. एक भाग पोथी, एक भाग हे. काकू मधे मधे थांबवायच्या. कोणी कोणाला कर्ज माफ केलं, कोणी शेतावर मजूर लावले, असं काही आलं की त्यांना लगेच समजायचं; शेती त्यांनी आयुष्यभर केली होती. "उशिरा आलेल्याला बी तेवडीच मजुरी? मंग दुसऱ्या दिशी सकाळून कोण यील कामाला?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला हसू आलं.

एक गोष्ट मी मुद्दाम करत होते. आंधळ्यांना दृष्टी दिल्याचे जे भाग आहेत ते मी गाळून पुढं जायची. डोळे गेलेल्या बाईपुढं बसून ते वाचणं मला लहान मुलाला गोळी दाखवण्यासारखं वाटायचं. पण काकूंना त्यांच्या खेड्यातल्या कोणाकडून तरी ते माहीत होतं.

"तुज्या देवानं आंदळ्याला बरं केल्यालं हाय म्हनं. ते कामून वाचीत न्हाईस?"

"तुमाला वाटलं असतं मी लालूच दाखवायलेय."

"वाच तू. मला आता कशाची आस लागायची न्हाई."

मी वाचलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मंग सगळ्यालाच कामून न्हाई केलं बरं?"

"मला म्हाईत न्हाई, काकू."

"म्हाईत न्हाई म्हनलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आमचे म्हाराज न्हाई म्हनीत नसत कदी. त्यान्ला सगळंच म्हाईत असायचं."

त्या दिवसापासून त्या मला जाताना म्हणायला लागल्या, "सांच्याला तुज्या देवाजवळ माजं नाव घेत जा." डोळ्यांसाठी नव्हे. झोप लागावी म्हणून, मुलाचा राग कमी व्हावा म्हणून. कधी कधी माझा हात धरून बसायच्या आणि म्हणायच्या, "हितंच कर की प्रार्थना. बारीक आवाजात." मी बारीक आवाजात करायची. शेवटी त्या 'आमेन' म्हणायच्या आणि त्यानंतर सवयीनं कपाळाला हात लावायच्या. कधी तरी, कधीपासून ते माझ्या ध्यानातही आलं नाही, चहा स्टीलच्या पेल्यात यायला लागला.

मला एवढ्यात सुख होतं. काकूंनी काय व्हावं, त्यांना काय म्हणावं, हे मी मनातही ठरवलं नव्हतं. देवानं मला एक ऐकणारं माणूस दिलं होतं आणि मी काकूंविषयी मंडळीत बोलायचंही बंद केलं होतं.

नाताळ आला. मी घरी मशीनवर बसून गाणी म्हणायची ती काकूंना समोर ऐकू जायची. त्या मागं लागल्या. "तुमच्या तितं लय जनं मिळून म्हनतेत म्हनं. मला न्ये."

"काकू, गर्दी असती. बाहेरचे पाहुणे यायलेत यंदा."

"मी आंदळी हाय, बहिरी न्हाई. ऐकून यीन आन् तू हात धरून आनून सोड."

सुनेनं त्यांना नवं लुगडं नेसवलं. मी त्यांचा हात धरून रिक्षात बसवलं.

त्या वर्षी पाळकांनी एका मोठ्या शहरातले प्रचारक बोलावले होते. पांढरा कोट, केसांना तेल, बरोबर दोन तरुण, एकाच्या हातात फोनची काठी. शेडमध्ये एवढे मोठे स्पीकर लावलेले की पत्रे थरथरत होते. गाणी झाली. काकू ताल धरून बसल्या होत्या, त्यांचं तोंड हसरं होतं. मग प्रचारक बोलायला उभे राहिले. त्यांनी बसलेल्यांवरून नजर फिरवली आणि ती काकूंवर थांबली. उघडे, कोणाकडंच न बघणारे डोळे, कपाळावर मालकांच्या माघारीही गोंदणाचा हिरवा ठिपका, शेतकरी घरातलं लुगडं. त्यांना हवं होतं ते समोर बसलं होतं.

"ह्या आजीला पुढं आणा."

मी उठून म्हटलं, "त्या फक्त गाणी ऐकायला आल्यात."

माझं बोलणं स्पीकरखाली गेलं. दोन तरुणांनी काकूंना धरून पुढं नेलं. काकूंना वाटलं प्रसाद वाटतायत. त्यांनी ओंजळ पुढं केली. प्रचारकांनी त्यांच्या डोळ्यांवर तळहात दाबले आणि मोठमोठ्यानं बोलायला लागले. काकूंची मान मागं जायला लागली. मी पुढं सरकले तर आमच्याच मंडळीतल्या बायांनी मला धरलं. डोळे मिटून, एक हात वर करून त्या रडत होत्या आणि मी आडवी यायला त्यांना नको होते. मग प्रचारकांनी हात काढले, माईक काकूंच्या तोंडाशी नेला आणि विचारलं, "आजी, दिसतंय का?"

काकू गोंधळल्या होत्या. समोर व्हिडिओसाठी लावलेला मोठा दिवा होता. त्या म्हणाल्या, "उजेड दिसायलाय."

पुढचं मला नीट सांगता येत नाही. सगळे ओरडायला लागले, ढोल वाजला, पाळकही टाळ्या वाजवत होते. काकू मधे उभ्या होत्या आणि माझ्या नावानं हाका मारत होत्या. मी जाऊन हात धरला तेव्हा तो गार पडला होता. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "लय जोरात दाबले गं त्यानं डोळे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्हिडिओ मानवतभर झाला. त्यात काकूंचं तोंड मोठं करून दाखवलं होतं. खाली लिहिलं होतं की डॉक्टर हरले, घरच्यांनी टाकून दिलेल्या आंधळ्या आजीला दृष्टी मिळाली, आणि आजीनं जुने देव सोडले. ह्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. घरच्यांनी टाकून दिलेली म्हातारी जरीचं लुगडं नेसून येत नाही, एवढंही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मी पाळकांकडून नंबर घेऊन प्रचारकांना फोन लावला. हात जोडल्यासारखंच बोलले. "भाऊ, तो व्हिडिओ काढा. त्यांना आधीपासून उजेड दिसतो. डोळे तसेच आहेत. त्यांच्या मुलानं पुष्कळ केलंय हो त्यांचं."

ते शांतपणे म्हणाले, "ताई, ही देवाची साक्ष आहे. साक्ष मागं घेत नसतात."

"पण ती खोटी आहे."

"तुमचा विश्वास कमी पडतोय म्हणून तुम्हाला तसं वाटतं. आणि छळ तर होणारच. त्याची तयारी ठेवा."

छळ कोणाचा होणार होता ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ते तोवर पुढच्या गावच्या रस्त्याला लागले होते. मी पाळकांना म्हटलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, "मी काय बोलणार? आपल्यासारख्यांना विचारणारं त्यांच्याशिवाय आहे कोण?"

त्याच दुपारी समोरच्या ओट्यावर माणसं जमली. काकूंचा मुलगा, गल्लीतले चार-पाच जण, दोन अनोळखी तरुण, आणि बोलावून आणलेले पाळक, जे खाली बघत होते. मला हाक आली. नवरा डेपोत होता. मी मशीनवरून उठून गेले.

मुलाच्या हातात फोन होता. तो मला ताई म्हणाला नाही. "ओ बाई," तो म्हणाला, "माज्या आईला मी टाकून दिलंय का? सांगा सगळ्यासमोर. औरंगाबादच्या दवाखान्यात मी आठ आठ दिवस फरशीवर झोपलोय. तुमाला म्हाईत न्हाई का?"

"म्हाईत हाय," मी म्हटलं. "ते खोटं लिहिलंय. मी त्यांना काढा म्हणून सांगितलंय."

"आन् देव सोडले म्हून लिवलंय, ते?"

"ते बी खोटं हाय."

"मंग रोज रोज येऊन तुमी काय वाचित होत्या?"

मी त्याच्याकडं पाहिलं. दुकानात मी त्याला काय सांगितलं होतं ते त्याला आठवत होतं, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्यानं नजर काढून घेतली. एक तरुण म्हणाला, आजीलाच विचारा. काकूंना बाहेर आणून खाटेवर बसवलं. मुलानं विचारलं, "आई, हिनं तुला काय शिकीवलं? तू म्हनलीस का हिला, तुजं पुस्तक वाच म्हून?"

काकूंचं तोंड माझ्या बाजूला नव्हतं. त्या सावकाश बोलल्या. "मला काय म्हाईत, बाबा. ही यायची. मला वाटलं पोथीच वाचायलीय. मला कुटं दिसतंय कोन्तं पुस्तक हाय ते. गाणे हायती म्हनली, हात धरून न्येलं. मी कामून म्हनंन वाच म्हून?"

कोणीतरी म्हणालं, "बगा. आंदळ्या मानसाला फसीवतेत."

 माझ्या जिभेवर सगळं होतं. तुम्हीच म्हणालात, काकू. पाठ झालेली पोथी तुम्हाला पहिल्या ओळीवरून ओळखू येत होती. माझा हात धरून प्रार्थना कर म्हणणाऱ्या तुम्हीच होतात. पण मी ते बोलले असते तर मी उठून माझ्या घरी आले असते आणि त्या त्याच घरात, त्याच माणसांत राहिल्या असत्या. म्हणून मी म्हटलं, "चुकलं असंल माझं." एवढंच म्हटलं. पाळकांनी माझ्या आणि मंडळीच्या वतीनं माफी मागितली. माणसं पांगली. सून दारात उभी होती, तिनं डोळ्याला पदर लावला आणि आत गेली.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडंच आहे. शेडच्या मालकानं शेड खाली करायला लावलं. प्रार्थना पाळकांच्या घरी, दार लावून व्हायला लागली. गल्लीतले ब्लाऊज माझ्याकडं यायचे बंद झाले. बाया माझ्या दारावरून पिशवी घेऊन बाजारातल्या शिंप्याकडं जायला लागल्या. सासूबाई उठता-बसता म्हणायच्या, "कोणी सांगितलं होतं समोर जायला?" समोरच्या घराला लोखंडी फाटक बसलं. मुलानं आईसाठी एक स्पीकर आणला. त्याच्यावर सकाळपासून भजनं लागायची, तीच तीच, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी सुद्धा बंद नसायची. मला मशीनवर बसून ऐकू यायची आणि मी मनात म्हणायची, त्यांना आवडत असतील का? काकूंना मधे थांबवून प्रश्न विचारायची सवय होती. स्पीकरला काय विचारणार?

मला राग कोणाचा जास्त होता ते मला नीट सांगता येत नाही. प्रचारकांचा होता, तो सोपा होता. मुलाचा होता, पण त्याची बाजू मला कळत होती. काकूंचा होता, आणि तो मला कोणाला सांगता येत नव्हता. संध्याकाळी प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायचं मी बंद केलं नाही, पण नाव घेताना माझे दात आवळले जायचे. देवाला हे कळत असणारच.

उन्हाळा लागल्यावर सासूबाईंना मोतीबिंदू दाखवायला परभणीला नेलं. डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. मी सासूबाईंना म्हणत होते की नंबर अजून लांब आहे, तुम्ही जरा टेका. मागच्या बाकावरून आवाज आला, "कोण, तूच का गं?"

काकू होत्या. वाळल्या होत्या. सून औषधं आणायला गेली होती. डोळा दुखायचा म्हणून आणलं होतं, दिसायचा आता प्रश्न नव्हता. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी हात पुढं केला. मी तो लगेच धरला नाही.

"कशा हायत?" मी विचारलं.

"हाय. स्पीकर वाजायलाय दिसभर. डोस्कं उटतं." मग त्या म्हणाल्या, "तू त्या दिशी काईच बोलली न्हाईस."

"काय बोलायचं होतं? तुमी बोललात की."

"मी खोटं बोलले."

"हो."

"तुला राग आला आसंल."

"आला," मी म्हटलं. "अजून हाय."

मला वाटलं आता त्या माफी मागतील. मी ती ऐकायला बसले होते, इतक्या महिन्यांपासून बसले होते. काकूंनी हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

"मी खरं बोलले असते," त्या म्हणाल्या, "की मीच म्हनले वाच म्हून, मीच म्हनले प्रार्थना कर. त्यानं मला त्याच दिशी खेड्यावरच्या घरी न्हेऊन सोडलं असतं. तितं कोणी न्हाई. मंग तू मला ठिवून घेतलं असतंस का तुज्या घरी?"

मी सासूबाईंच्या नंबराच्या चिठ्ठीची घडी घालत राहिले.

"सांग की. रागानं न्हाई इचारायले. घेतलं असतंस का?"

समोरून नंबर पुकारत होते. सासूबाई वळून माझ्याकडं बघत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला आमच्या दोन खोल्या दिसल्या, सासूबाईंची खाट, पडवीतली मशीन. त्याही आधी मला गल्ली दिसली आणि फाटकासमोर उभी माणसं. हो म्हणावं असं वाटत होतं. पण खोटं ऐकायची त्या बाईला आता गरज नव्हती.

"म्हाईत न्हाई, काकू," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मागं एकदा मी हेच म्हटलं होतं तेव्हा त्या माझ्यावर खूश झाल्या होत्या. ह्या वेळी त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं. सून औषधाची पिशवी घेऊन आली, मला बघून घाबरली, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "वैनी, जरा तिकडं बसता का? हे यायलेत घ्यायला." मी उठून सासूबाईंजवळ जाऊन बसले. काकूंना घेऊन ते लोक गेले ते मी पाठमोरं पाहिलं.

'कोणी सांगितलं होतं' हे सासूबाईंचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं. रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "ठेवून घेतलं असतं का आपण त्यांना?"

त्यानं भाकरी मोडता मोडता विचार केला. "दोन खोल्यांत?" मग म्हणाला, "तू मला तेव्हा विचारलं नाहीस."

"माझ्या मनातच आलं नाही ते."

"माझ्याही नाही," तो म्हणाला.

इतकी वर्षं मी समोर जाऊन बसले, वाचलं, थांबले, काही मागितलं नाही. हे सगळं खरं आहे आणि त्यात मला एक समाधान वाटायचं, कोणाला न सांगितलेलं. आता ते राहिलं नाही. त्या बाईनं माझ्या देवाविषयी जे काही मनात घेतलं असेल त्याची किंमत तिच्या एकटीच्या पदरात पडली आणि मला परत यायला माझं घर होतं.

काकू अजून समोर राहतात. फाटक बंदच असतं. ब्लाऊज थोडे थोडे परत यायला लागलेत, दुसऱ्या गल्लीतल्या बायांचे. ह्या नाताळाला पाळकांनी त्याच प्रचारकांना पुन्हा बोलावलंय, ह्या वेळी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत. पाळक स्वतः घरी सांगायला आले. मी म्हटलं, मी येणार नाही. ते म्हणाले, "ताई, मनातला कडवटपणा काढून टाका. क्षमा करा."

"कोणाला?" मी विचारलं.

पाळकांनी समोरचा कप उचलला. चहा प्यायले आणि उठले. मी मशीनवर बसून अर्धा राहिलेला ब्लाऊज पुरा केला.